थंड इंजिन आणि लाल काटा

बाबांनी ट्रक बंद ठेवलाय हे मला दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर कळलं. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून बाळापूरची बस आणि फाट्यावरून पायी, हा माझा ठरलेला रस्ता. अंगणात शिरले तर ट्रक समोरच उभा. मला वाटलं, आजची खेप लवकर आटोपली असेल. मग दिसलं की आईने मागच्या फाळक्यावर धुतलेल्या गोधड्या वाळत घातल्या आहेत. रोज चालणाऱ्या ट्रकवर कोणी गोधड्या वाळवत नाही.

"किती दिवसांपासून उभा आहे?" मी आईला विचारलं.

"झाले बारा-तेरा दिवस. काटा खराब हाय म्हनते."

आमची शेती भाजीपाल्याची. फुलकोबी, वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला अमरावतीतल्या पुण्याच्या मैत्रिणीला दरवेळी सांगावं लागतं. मी दहावीत असताना बाबांनी हा डिझेल ट्रक जुना म्हणून घेतला आणि तेव्हापासून घरचा आणि शेजारच्या पाच-सहा घरांचा माल तेच अकोल्याच्या बाजारात नेत आले. ड्रायव्हर ठेवला नाही. ट्रकला हात लावून त्याचं दुखणं सांगणारा माणूस, अशी त्यांची गावात ओळख. इंजिनाच्या आवाजावरून ते शेजारच्याच्या ट्रॅक्टरलाही नावं ठेवायचे. जाता जाता थांबून म्हणायचे, "याचं बेअरिंग गेलं, आठ दिवस काढन." आणि ट्रॅक्टर आठव्या दिवशी उभा राहायचा.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी विषय काढला. बाबांनी कप खाली ठेवला आणि हातानेच हवेत मीटर काढून दाखवलं.

"हे पाय, हा हीटचा काटा. इंजिन किती तापलं ते सांगते. सकाळी गाडी थंडी असते ना, तवा हा इथं खाली पाहिजे. मी सेल्फ मारतो, गाडी चालू होते, अन् हा एकदम लालमंदी जाते. पार शेवटपर्यंत. तिथं उभा रायते. मंग हळूहळू वापस येते."

"आणि इंजिन खरंच गरम असतं?"

"रातभर उभी असलेली गाडी. काहून गरम राहीन? मी हात लावून पायला. थंडगार."

"मग काटाच बिघडला असेल."

"असंच समदे म्हनते. अन् कोनाले दाखवाले नेलं की काटा सोज्ज्वळ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं पोरायले करंट शिकवतं ना. मंग सांग, असं काहून होते?"

मी अमरावतीला ज्युनियर कॉलेजात सतरा वर्षांपासून फिजिक्स शिकवते. मला सांगता आलं नाही. मी म्हणाले, आपण दोघं उद्या अकोल्याला जाऊ.

जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्याच काठाला, एका गल्लीच्या तोंडाशी ट्रकांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथले मिस्त्री बाबांच्याच वयाचे. मी त्यांना शाळेत असल्यापासून चाचा म्हणते. ते बाबांना भाऊ म्हणतात. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या वायरींची भेंडोळी, आणि बाहेर रस्त्यावर उभी गाडी. चाचांनी केबिनमध्ये चढून सेल्फ मारला. काटा आपल्या जागी. बंद केली, पुन्हा मारला. पुन्हा तसंच. पाच वेळा झालं.

"भाऊ, काटा तं बराबर हाय."

"इथं बराबरच रायते. सकाळी पाहा लागते."

चाचा हसले नाहीत, पण त्यांनी वायर तपासायला घातलेला हात काढून घेतला. "वय होते, भाऊ. कधी नजरेचाही धोका होते."

बाबांना ते लागलं. ते केबिनच्या पायरीवर उभे होते, तिथून खाली उतरले आणि फडक्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं, अजून एक काम करा. हवेचा बझर मेला हाय. वरसापासून वाजत नाही."

ज्यांना ट्रक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर गाडी उभी राहिली की टाकीतली हवा झिरपून कमी होते. सकाळी चावी फिरवली की एक बझर वाजायला लागतो, आणि इंजिन चालून हवा पुरेशी भरेपर्यंत वाजत राहतो. तो वाजतोय तोवर गाडी हलवायची नाही.

"आता टाकी भरलेली हाय," चाचा म्हणाले. "आता तं वाजनारच नाही. तोही सकाळीच पाहा." आणि माझ्याकडे वळून, "बेटा, तूच बस दोन-तीन दिवस सकाळी गाडीत. मोबाइलवर काढून आन. मले दिसलं म्हंजे मी करतो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी शाल गुंडाळून बाबांच्या शेजारी केबिनमध्ये बसले. दहावीत असताना मी तिथे शाळेचा डबा मांडीवर घेऊन बसायची. सीटचं रेक्झिन दोनदा बदललं होतं, पण डिझेल आणि भाजीच्या पानांचा मिसळलेला वास तोच. मी मोबाइल मीटरवर धरला. बाबांनी चावी फिरवली.

बझर वाजला.

चिरका, कानात टोचणारा, सलग आवाज. अंगणातली कुत्री उठून निघून गेली. बाबांनी शांतपणे सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं, आणि त्या दोन्ही आवाजांत ते काट्याकडे टक लावून पाहत राहिले. काटा हलला नाही.

"आज नाही केलं त्यानं," ते म्हणाले. थोड्या वेळाने हवेच्या मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "अन् हे पाय. हवा अजून अर्धीही नाही, पन बझर चूप. मेलाच हाय तो."

बझर तेव्हा वाजतच होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. ते खरंच सांगत होते.

मी मोबाइल खाली घेतला. हवा भरली, बझर आपोआप थांबला, आणि बाबांनी गाडी बंद केली.

आई मागे चुलीवर पाणी तापवत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "बाबांना ऐकू येत नाही."

तिने लाकूड आत सारलं. "येते थोडं. समोरून बोललं तं कळते."

"तुला माहीत होतं?"

"मले माहीत नसन तं कोनाले असन?"

मग मला दिसायला लागलं. आई बाबांना कधी हाक मारत नव्हती. जेवायला बोलवायचं असलं तर त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची, किंवा खांद्याला हात लावायची. बोलताना दिव्याखाली उभी राहायची. कोणी पाहुणा आला की तो काय म्हणाला ते सहज बोलल्यासारखं पुन्हा बोलायची, म्हणजे बाबांना कळावं. दोन वर्षं ती हे करत होती आणि बाबांनाही तिने कळू दिलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? त्यायनं जल्मभर गाडी कानानं चालवली. मी कसं सांगू का कान गेले म्हनून?" मग ती म्हणाली, "मले वाटे, मी हाय ना सोबत. चालते तोवर चालू देऊ."

"आणि रस्त्यावर, आई? मागून हॉर्न वाजला तर?"

तिने पदराने कपाळ पुसलं. मला नंतर वाटलं, गाडी उभी राहिली याचं तिला दुःखापेक्षा हायसंच वाटलं असेल. गोधड्या तिने उगाच वाळत घातल्या नव्हत्या.

दुसरी सकाळही कोरडी गेली. बझर वाजला, काटा खालीच. बाबा खट्टू झाले. त्यांनी मला विचारलं नाही, पण मला कळत होतं, त्यांना भीती होती की मीही चाचांसारखंच म्हणेन. तिसऱ्या दिवशी थंडी जरा जास्त होती. सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा उठला. हळू नाही, एका दमात. मधला भाग ओलांडून लाल पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला आणि तिथे थरथरत उभा राहिला. मी आतल्या आत आकडे मोजले. बावीसपर्यंत आले तेव्हा तो खाली यायला लागला.

"पायलं?" बाबा म्हणाले.

"पाहिलं, बाबा. काढलंय मोबाइलमध्ये. बावीसपर्यंत मोजले."

ते खाली उतरले, बॉनेट उघडलं, इंजिनावर तळहात ठेवला, आणि मलाही ठेवायला लावला. लोखंड गार होतं. त्यांना इतकं समाधान झालं होतं की त्यांनी आईला बोलावून व्हिडिओ दाखवला, मग शेजारच्या काकांना दाखवला. प्रत्येकाला ते काट्यावर बोट ठेवून सांगत होते, "हे पाय, हे पाय, आता जाईन." आणि मोबाइलमधून पूर्ण वेळ बझर किंचाळत होता. शेजारचे काका एकदा म्हणाले, "हे काय वाजून राहिलं?" आई पटकन म्हणाली, "गाडीचं असन काही."

त्याच दिवशी आम्ही चाचांकडे गेलो. आईने मला निघताना फक्त एवढं म्हटलं, "सांभाळून." गाडीबद्दल की बाबांबद्दल, मी विचारलं नाही. बाबांना सांगायला माझी हिंमत होत नव्हती, आणि त्यांना एकटं चालवूही द्यायचं नव्हतं. मी पूर्ण रस्ता आरशात पाहत बसले. मागून कोणी आलं की त्यांच्या दंडाला हात लावायचे. बाबा दरवेळी बाजूला घेत. त्यांनी कारण विचारलं नाही.

चाचांनी व्हिडिओ पाहिला. एकदा पाहिला, पुन्हा लावला. दुसऱ्यांदा त्यांनी मोबाइल कानाजवळ नेला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. बाबा तेव्हा आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदात होते.

"भाऊ, माफ करजा," चाचा त्यांच्या समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं उभं राहून म्हणाले. "तुमी खरं बोलले. काटा जाते. चूक माही हाय."

बाबा लाजले. "अरे, माफी कायची."

"आता बझर पाहू."

चाचा ड्रायव्हरच्या जागी बसले, इंजिन बंद करून नुसती चावी चालू ठेवली आणि ब्रेक दाबायला लागले. दाबायचा, सोडायचा. प्रत्येक वेळी हवा फुस्स करून निघत होती आणि हवेचा काटा थोडा थोडा उतरत होता. मग बझर वाजायला लागला. गल्लीतून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं.

चाचांनी हात पुढे केला. "भाऊ, तुमचा हात द्या."

बाबा पायरीवर चढले आणि त्यांनी हात दिला. चाचांनी त्यांची बोटं धरून डॅशबोर्डच्या खाली नेली, तिथल्या बझरच्या गोल डबीवर टेकवली, आणि वरून आपला हात ठेवला.

बाबांचा चेहरा मी बाजूने पाहत होते. आधी बोटं नीट टेकावीत म्हणून ते वाकले. मग तसेच वाकलेले थांबले. बोटांना ती थरथर लागत होती. त्यांनी डोळे मिटले, डोकं थोडं तिरकं केलं, उजवा कान तिकडे नेला. पुन्हा सरळ झाले. हात मात्र काढला नाही.

"म्हंजे वाजते," ते म्हणाले.

"वाजते, भाऊ."

"कवापासून?"

"बंदच नसन पडला तो."

चाचांनी चावी बंद केली. बाबांनी मग हात काढून घेतला आणि बोटांकडे पाहत राहिले. चाचांनी चहा सांगितला. तिघांनी लाकडी बाकड्यावर बसून चहा घेतला, आणि चाचा स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलायला लागले. बारीक वायर ओवताना आता त्यांना लाल आणि केशरी रंगातला फरक कळत नाही, म्हणून नातीला फोन करून व्हिडिओत दाखवतात आणि ती सांगते तसं जोडतात. हे त्यांनी गिऱ्हाईकाला कधी सांगितलं नव्हतं. बाबा ऐकत होते, म्हणजे त्यांच्या ओठांकडे पाहत होते. आता मला कळलं की ते बऱ्याच दिवसांपासून सगळ्यांच्या ओठांकडेच पाहत आलेत.

परतताना बाबांनी बाळापूरच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली ट्रक उभा केला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "तुले कवा कळलं?"

"परवा सकाळी."

"अन् तुह्या मायले?"

मी मान खाली घातली. त्यांनी मान डोलवली.

मग ते म्हणाले, "मी जल्मात कधी मीटरकडे पायलं नाही. गाडीचा आवाज यायचा, तेवढ्यात समदं कळे. गेल्या वरसा-दीड वरसापासून आवाज पातळ झाला. मले वाटे, गाडी मऊ झाली. मंग मी काट्याकडे पाहाले लागलो." त्यांनी बोटाने मीटरची काच पुसली. "हा कदाचित पयलेपासूनच असा जात असन. मी पायला आता."

हे मला एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर तुरीच्या शेताकडे पाहत राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, लहानपणी थोपटायचे तसं, जरा जोरात.

"रडू नको, बाई. काटा तं खरा निघाला ना."

सुट्टी संपल्यावर मी त्यांना अमरावतीला घेऊन आले. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, एका बंद खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवले. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "परीक्षेत नापास झालो वाटते." डॉक्टर बाई नीट समजावून बोलल्या. ऐकू येणं परत येणार नाही, पण मशीन लावलं तर बरंच कळेल. गाडी चालवायची तर मशीन लावूनच, आणि लांबचे प्रवास बंद. बाबांनी ते एका वाक्यात मान्य केलं. अकोल्यापुढच्या लांबच्या खेपा आता माझा चुलतभाऊ करतो.

मशीनची सवय व्हायला महिना गेला. पहिले चार दिवस ते माझ्याकडेच होते. माझ्या घरातलं नळाचं पाणी, मिक्सर, खालून जाणारे ऑटो, सगळ्याने ते वैतागले. दर तासाला मशीन काढून डबीत ठेवायचे. मी रागावले नाही. संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून त्या काट्याचा नाद करायचो. मी मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे बॅटरी, सेल्फ, इंजिन आणि मीटर काढलं. म्हटलं, सेल्फ एवढा मोठा करंट ओढतो, त्याला परत जायला इंजिनापासून चेसिसपर्यंत जाड वायर असते. ती गंजली असेल तर करंट दुसरीकडून वाट काढतो आणि मीटरला चकवतो. बाबांनी नीट ऐकलं. म्हणाले, "मंग गाडी चालू झाल्यावर सेल्फ तं सुटला. तरी बावीसपर्यंत काहून थांबते तो?"

मी कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही.

चाचांनी ती वायर बदलली. पंधरा दिवस काटा गुमान राहिला आणि मग एका सकाळी पुन्हा गेला. त्यांनी इंजिनातला सेन्सर बदलला, मीटर बदललं. थंडीत अजूनही कधी कधी जातो. बाबा बॉनेट उघडून हात लावून पाहतात, पाणी पाहतात, आणि निघतात. चाचा म्हणाले, भाऊ, याचं कारण मले सापडलं नाही, मी खोटं सांगत नाही. बाबांना ते आवडलं.

मला मात्र एक गोष्ट उशिरा कळली, आणि ती मी अजून बाबांना बोलून दाखवलेली नाही. गेली दोन वर्षं मी घरी फोन केला की बाबा "बरं हाय ना? हं" एवढं म्हणून फोन आईकडे द्यायचे. मला वाटायचं, मी दूर गेले, एकटी राहते, माझ्या नोकरीत त्यांना रस उरला नाही. मीही मग सरळ आईलाच मागायची. त्यांना माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा घरचे भोपळे आणि दुधी घेऊन आम्ही दोघंच अकोल्याला निघालो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. मशीन त्यांच्या कानात होतं. पारस फाटा मागे पडल्यावर ते म्हणाले, "तुले आवडते का गं नोकरी?"

सतरा वर्षांत घरातल्या कोणी मला हे विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. कोणती मुलं हुशार आहेत, कोणती नुसती क्लास लावून येतात, एका मुलीने प्रयोगशाळेत काय केलं, मला स्टाफरूममध्ये कोणाशी पटत नाही. ते रस्त्याकडे पाहत "हं, हं" करत होते, आणि मधेच एखादा प्रश्न विचारत होते, त्यावरून कळायचं की सगळं पोचतंय. शहर कधी आलं ते समजलं नाही.

बाजारात गाडी मागे घ्यायची होती, दोन्ही बाजूंना क्रेट रचलेले. मी उतरले आणि मागे जाऊन उभी राहिले.

"येऊ द्या, बाबा," मी म्हणाले. फार जोरात नाही. "येऊ द्या. अजून. डावीकडे थोडं. येऊ द्या."

आणि ट्रक माझ्या आवाजाच्या मागे मागे, सरळ, हळूहळू आत आला.